गोताचे एकमत

इ. स. १६०७ च्या सुमारास, म्हणजे अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडून सात वर्षे लोटल्यावर, निजामशाहीची उरलीसुरली दौलत ज्या पुरुषाने सावरून जुन्नरास आणली, तो हबसाणात जन्मलेला होता, गुलाम म्हणून एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला गेलेला होता, आणि दख्खनेत आल्यावर केवळ स्वपराक्रमाने त्या दौलतीचा कर्ताकरविता झालेला होता. मलिक अंबरचे नाव आपण गनिमी काव्यासाठी आणि खडकीच्या नहरींसाठी घेतो. परंतु आपल्या खेड्यांच्या स्मृतीत तो टिकला तो मलिकंबरी धाऱ्यामुळे. जमिनीची प्रतवारी लावावी, पिकाचा अंदाज पाहून सारा बांधावा, मक्तेदाराला मधून काढून टाकावे आणि वसुलाचा जिम्मा पाटलाच्या द्वारे गावावर ठेवावा, ही पद्धत त्याची म्हणून परंपरेने सांगितली जाते. आणि कंपनी सरकारचे अंमलदार दोन शतकांनी या मुलखात आले, तेव्हा मिरासी, म्हणजे जमिनीच्या वंशपरंपरागत, हक्काची चौकशी करताना तेही मलिक अंबरच्याच नावापाशी येऊन थांबले.

अंबर जुन्नरास आल्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, १९५७ साली, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना स्वतंत्र झाला, आणि आफ्रिकी तत्त्वज्ञांत एक वाद उभा राहिला, जो अद्याप मिटलेला नाही. मनुष्य आधी की त्याचा समुदाय आधी? मतमोजणी करून अल्पसंख्याकांना हरविण्याऐवजी सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत राहण्याची जी पूर्वजांची रीत, तिच्यावर आधुनिक राज्य उभारता येईल काय? क्वासी विरेदू, क्वामे ग्येच्ये, इफेआन्यी मेन्किटी, पोलँ हूंतोंजी ही नावे मराठी वाचकांस परिचित नाहीत, याचे मला वाईट वाटते. कारण ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्ये वेचली, तो प्रश्न पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर, मंचर मागे टाकून घोड नदीपलीकडे गेल्यावर लागणाऱ्या कळंबसारख्या प्रत्येक गावाच्या चावडीत शतकानुशतके बसून सोडविला गेला आहे, कधी न्यायाने आणि कधी अन्यायाने. त्या चावडीचा इतिहास त्यांच्या वादाशेजारी ठेवून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आंबेगाव आणि जुन्नर हे आज दोन तालुके असले तरी जुन्या कारभारात हा सारा मुलूख जुन्नरच्या सरकारात मोडत असे. गाव म्हणजे पांढरी आणि काळी. पांढरीत वस्ती, काळीत शेते. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे वतनदार, बारा बलुतेदार, मिरासदार कुणबी आणि उपरी, असा हा संसार होता, आणि त्यात तंटा उद्भवला तर तो सोडविणारी सभा म्हणजे गोतसभा. गोत म्हणजे केवळ भाऊबंद नव्हेत. वतनाचा वाद असला तर आसपासच्या गावांचे पाटील, परगण्याचे देशमुख-देशपांडे, पेठेचे शेटे-महाजन आणि बलुतेदार हे सर्व गोतात येत, दिवाणाकडील अंमलदार त्यांच्या शेजारी बसत, आणि निवाड्याचा जो कागद होई त्यास महजर म्हणत. अशा शेकडो महजरांचा शोध राजवाड्यांनी आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने वाड्यांच्या माळ्यांवरून आणि दप्तरांच्या रुमालांतून लावला, म्हणूनच हा इतिहास आज आपल्याला बोलता तरी येतो.

महजर हातात घेऊन पाहावा. मोडीतील लांबच लांब कागद. आरंभी शुहूर सन आणि तारीख. मग ‘हाजीर मजालस’ म्हणून बसलेल्यांची नावे, आधी दिवाणाची, मग गोताची. मग वादी आणि प्रतिवादी यांच्या तकरिरा, साक्षी, आणि अखेर निवाडा. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी करीत: पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, आणि बलुतेदारांपैकी ज्याचे त्याचे हत्यार. एवढी माणसे एका कागदावर, एका निर्णयाखाली, आपापली खूण करून उभी असलेली पाहिली म्हणजे, ज्या काळात युरोपातील पुष्कळशा शेतकऱ्यांना आपल्या धन्याच्या कचेरीत बोलण्याचीही सोय नव्हती, त्या काळात आपल्या सुताराचा वाकस न्यायाच्या कागदावर उमटत होता, या विचाराने मन भरून येते. आणि ते भरून येणे मी खोटे मानीत नाही.

परंतु पुढे वाचावे. वादाला तोंड फुटण्यापूर्वीच दोन्ही पक्षांकडून राजीनामे घेतले जात, म्हणजे गोत जे सांगेल ते मान्य, असे आधीच लिहून घेतले जाई, आणि त्यास जामीनही लागत. निवाडा झाला म्हणजे जिंकणाऱ्याने हरकी द्यावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी द्यावी. आणि इतक्यावर भागत नसे. हरणाऱ्याने स्वहस्ते, किंवा स्वतःच्या निशाणीने, येजितखत लिहून द्यावे लागे: आपला वाद खोटा होता, वतनाशी आपला अर्थाअर्थी संबंध नाही, पुढे आपण अथवा आपल्या वंशजांनी कथळा केल्यास आपण दिवाणाचे आणि गोताचे गुन्हेगार.

या येजितखताशी मला थोडे थांबावयाचे आहे. कुमासी येथे १९३१ साली जन्मलेले आणि २०२२ साली निवर्तलेले क्वासी विरेदू यांनी १९९५ साली एकमतावर आधारलेल्या पक्षविरहित राज्यव्यवस्थेचा जो प्रसिद्ध पुरस्कार केला, त्याचा आधार म्हणजे त्यांच्या अशांती लोकांची जुनी सभापद्धती. प्रत्येक कुळाचा एकेक प्रमुख, या प्रमुखांची सभा, सभेवर राजा. आणि राजाने स्वतःचे मत सांगावयाचे नाही, सभेत जे ठरले तेच बोलावयाचे. सभेत हात वर करून मोजदाद होत नसे. बोलणे चाले, मन वळविणे चाले, आणि विरोध मावळला म्हणजे निर्णय झाला असे समजत. येथे विरेदूंनी एक सूक्ष्म भेद केला आहे, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या प्रतिपादनाचा प्राण त्या भेदात आहे. एकमत म्हणजे सर्वांनी एकच गोष्ट सत्य मानणे नव्हे. काय करावयाचे एवढ्यापुरते सर्वांनी एकत्र येणे, हे एकमत. ज्याला पटले नाही त्याने आपले न पटणे मनाशी ठेवावे, किंबहुना उघड बोलूनही दाखवावे, आणि कामापुरते बरोबर चालावे.

आमचे येजितखत नेमके याच्या उलट दिशेने जाते. हरणाऱ्याने निर्णय पाळला एवढ्याने गोताचे समाधान होत नसे. आपण खोटे होतो असे त्याने म्हटले पाहिजे, लिहिले पाहिजे, आणि मुलाबाळांच्या वतीने लिहिले पाहिजे. वतन हे पिढ्यानुपिढ्यांचे असल्यामुळे तंटाही पिढ्यानुपिढ्यांचा होई, तो कोठे तरी कायमचा तुटावा म्हणून ही तजवीज, हे उघड आहे, आणि त्या काळच्या माणसांना दोष देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु समुदायाने माणसाच्या हातापायांवर हक्क सांगितला तर तो व्यवहार. त्याच्या अंतःकरणातील खऱ्याखोट्यावर हक्क सांगितला म्हणजे त्याला आश्रयास जागाच उरत नाही.

जुन्या लोकांना हे कळत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. आपल्या गावच्या गोतात पक्षपात आहे असे ज्याला वाटे, त्याला थळ बदलून मागता येई. वाद दुसऱ्या गावी, दुसऱ्या परगण्याच्या सभेपुढे जाई, आणि हरलेले पक्ष वर्षानुवर्षे थळामागून थळ मागत गेलेले कागदांवरून दिसतात. आणि साक्षीपुराव्याने गाठ सुटेनाशी झाली म्हणजे दिव्य करावयाचे, उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा. म्हणजे माणसांच्या एकमताचा जेथे भरवसा वाटेना तेथे ते देवावर सोपवावयाचे. इमॅन्युएल एझे या नायजेरियन तत्त्वज्ञाने विरेदूंना उत्तर देताना हाच मर्मभेद केला आहे: पूर्वजांच्या सभेत विरोध मावळत असे तो केवळ युक्तिवादाच्या बळावर नव्हे, तर सिंहासनाभोवती आणि पितरांभोवती असलेल्या पवित्र भयाच्या बळावर, ते भय वजा केले असता एकमत शिल्लक किती राहील? जुन्नरच्या मुलखातील माणसाला या आक्षेपाचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट त्या कागदांत आहे, आणि ती मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. दोन गावांत शिवेचा तंटा लागला म्हणजे ज्याच्या शब्दाला सर्वांत अधिक वजन, तो गावचा महार. शिवेचे दगड, ओढे, झाडे पिढ्यानुपिढ्या त्याच्या पायाखालची. तो शीव चालून दाखवी आणि साऱ्या गोताने ती मान्य करावी. म्हणजे गावाची हद्द कोठपर्यंत, हे सांगण्याचा अधिकार ज्याला होता, त्याचे घर त्याच गावाच्या कुसाबाहेर होते. कागदावर तो गोतात. चावडीच्या ओट्यावर, विहिरीवर आणि देवळात नाही. समुदायाचे वर्णन करताना सभेत कोण होते एवढेच विचारून भागत नाही, कोण कोठे बसले होते हेही विचारावे लागते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा आपला विख्यात अहवाल लिहिला. दख्खनची गावे म्हणजे स्वतःपुरती लहान लहान राज्येच आहेत असे त्याने म्हटले, आणि त्याबरोबर एक वाक्य असे लिहिले की जे नंतरच्या स्तुतिपाठकांनी विसरून टाकले: अत्यंत चांगल्या राज्यव्यवस्थेशी ही संस्था कदाचित जुळणार नाही, परंतु वाईट राज्यव्यवस्थेच्या दोषांवर ती उत्कृष्ट उतारा आहे, असा त्याचा आशय होता. डॉ. थॉमस कोट्स याने त्याच सुमारास लोणीकंदचे घरोघर वर्णन लिहिले. पुढे १८३० मध्ये मेटकाफने दिल्लीकडील खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हणून गौरविले, आणि १८७१ मध्ये सर हेन्री मेनने त्यावर ग्रंथ रचला. स्तुती वाढत होती आणि स्तुतीचा विषय खालून निसटत होता. १८२७ च्या एल्फिन्स्टन कोडाने अदालती आल्या आणि पंचायती ओस पडू लागल्या. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून जी पैमाश सुरू केली, तिने प्रत्येक खातेदाराला सरकारशी एकटे उभे केले. मलिकंबरी धाऱ्यातील ‘गाव’ हा सरकारी हिशेबातून उठला, आणि त्यानंतरच तो ग्रंथांतून अजरामर झाला. आफ्रिकेतही असेच झाले आहे. समुदायाचे तत्त्वज्ञान तेथे ज्या पिढीने लिहिले, तिच्या डोळ्यांदेखत तो समुदाय खाणींच्या आणि शहरांच्या वाटेला लागलेला होता.

गावाचे हे बंधन माणसाला कोठवर बांधू शकते, या प्रश्नाचा खराखुरा खटला याच मुलखात उभा राहिला. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला, आणि त्याची मुळे जितकी जुन्नर तालुक्यात रुजली तितकी फार थोड्या ठिकाणी रुजली असतील. ब्राह्मण उपाध्यायावाचून, आपल्याच माणसाच्या हातून, लग्ने लागू लागली. १८८४ च्या सुमारास तालुक्यातील बाळाजी कुसाजी पाटील यांनी असे लग्न लाविले, आणि ग्रामजोश्याने आपल्या दक्षिणेचा दावा लाविला. जोश्याचे म्हणणे त्याच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. जोशीपण हे वतन. गावात लग्न झाले की हक्क झाला. बोलाविले काय आणि न बोलाविले काय! यापूर्वी हायकोर्टानेही ग्रामजोश्यांचे असे हक्क मान्य केलेले होते. तरीही खटला मुंबई हायकोर्टापर्यंत जाऊन अखेर निकाल बाळाजींच्या बाजूने लागला.

या खटल्यात मला मेन्किटी आणि ग्येच्ये यांचा सारा वाद साक्षात उभा राहिलेला दिसतो. मेन्किटी यांनी १९८४ साली असे मांडले की आफ्रिकी विचारात मनुष्यत्व हे जन्मतः मिळत नाही. समुदायाने घालून दिलेली कर्तव्ये पार पाडीत ते मिळवावे लागते, आणि ते कमी-अधिकही असू शकते. ग्येच्ये यांनी हे अर्धेच मान्य केले. माणूस समुदायात जन्मतो, तेथे वाढतो, समुदायावाचून तो अपुरा, हे खरे. परंतु समुदायाची रीत तपासून पाहण्याची आणि प्रसंगी ती टाकून देण्याची बुद्धी त्याच्या ठायी आहे, आणि म्हणून त्याचे हक्क समुदायाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाहीत. बाळाजी पाटील गाव सोडून गेले नाहीत. आपला समुदायही त्यांनी टाकला नाही. उलट सत्यशोधकांच्या रूपाने दुसरा, अधिक मोकळा समुदाय उभा करण्यात ते सहभागी झाले. गावात राहून गावाच्या एका हक्काला नाही म्हणावे, आणि गावकरीच राहावे, एवढीच त्यांची मागणी होती.

गावाच्या हातातील जुने शस्त्र म्हणजे वाळीत टाकणे, आणि ते दोन्ही बाजूंनी चाललेले आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांपूर्वी शेजारच्या शिरूर तालुक्यात शेतकऱ्यांनी सावकारावर बहिष्कार घातला; त्याचे शेत कोणी कसेना, न्हावी हजामत करीना, पाणी भरणारा पाणी भरीना, आणि कर्जाखाली पिचलेल्यांना प्रथमच आपल्या एकीचे बळ कळले. परंतु तेच शस्त्र बहुतेक वेळा दुर्बळावरच उगारले गेले, हे नाकारता येत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले, ही गोष्ट भूषणाची आहे आणि तितकीच खेदाचीही.

बाबासाहेब आंबेडकरांनी गावाविषयी जे म्हटले, त्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे. १९२८ मध्ये महार वतनाचे बिल आणताना त्यांनी वतन ही प्रतिष्ठा नसून वेठ आहे असे दाखविले. १९३२ साली मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतीचे बिल आले तेव्हा, अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर पंचांच्या हाती न्याय देणे धोक्याचे आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत, घटनेचा पाया खेडे नसून व्यक्ती आहे याचा त्यांनी उघड अभिमान सांगितला, तेव्हा सभागृहात केवढी नाराजी उसळली! त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे कलम, आज ज्याला चाळिसावे म्हणतात ते, दुरुस्तीने घातले गेले. बेनिनचे हूंतोंजी यांनी आपल्या समकालीनांवर जो आक्षेप घेतला, की साऱ्या जमातीचे एकच मत असते ही कल्पनाच बाहेरून लादलेली आणि भेद झाकणारी आहे, तो आंबेडकरांनी त्यांच्याआधी एक पिढी, आणि कुसाबाहेरच्या अनुभवाने, मांडला होता. माझा कौल येथे निःसंशय आंबेडकरांकडे आहे.

तथापि एकमताची ओढ थांबली नाही. कुलाब्यातील गागोद्याचे विनोबा ग्रामदानाच्या यात्रेत सर्वसंमतीचा मंत्र गावोगाव देत चालले; १९५९ साली जयप्रकाशांनी पक्षविरहित लोकशाहीचा प्रबंध लिहिला, आणि विरेदूंच्या लेखाच्या शेजारी तो ठेवला तर दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली होती की काय असे वाटावे. टांझानियात न्येरेरेंनी उजामा म्हणजे कुटुंबभाव हाच समाजवाद असे म्हटले, १९६५ मध्ये एकपक्षीय राज्य आणले, आणि १९७३ नंतर लाखो लोकांना त्यांच्या विखुरलेल्या वस्त्यांतून उठवून नव्या गावांत जबरीने बसविले. न्येरेरे सत्शील होते, यात शंका नाही. म्हणूनच त्यांचे उदाहरण अधिक बोचते. पक्ष नसणे आणि एकच पक्ष असणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, असे विरेदूंना पुनःपुन्हा सांगावे लागले, ते या इतिहासामुळेच.

आपल्याकडे १ मे १९६२ रोजी पंचायत राज्य आले, आणि निवडणूक बिनविरोध झाली की गावाने एकी दाखविली असे समजून तिचे कौतुक होऊ लागले. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांच्या निवडणुका रद्द केल्या. तेथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता, आणि उमराण्यात बोलीची रक्कम देवळासाठी होती. काही गावकऱ्यांना त्यात वावगे दिसले नसावे: पैसा देवाचा, भांडण नाही, खर्च नाही, सर्वांची संमती. ज्याच्यापाशी बोलीस पैसा नव्हता, त्याची संमती कोणी आणि केव्हा घेतली, हा प्रश्न आयोगाला विचारावा लागला.

मग खरे एकमत कोठेच नाही काय? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे, वस्ती पाचशेच्या आसपास. १९८० च्या दशकापासून तेथे निर्णय सर्वसहमतीने होतो, आणि बायकांनाही पुरुषांइतकाच शब्द आहे. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. दरम्यान अभ्यासगट बसतो, माहिती काढतो, बाहेरच्या जाणत्याला विचारतो, आणि सभा पुन्हा बसते. या रीतीने त्या गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आपला बांबू आपण विकला, आणि २०१३ साली सर्वांनी आपली शेतजमीन ग्रामदान कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या स्वाधीन केली. तेथे हरलेल्याकडून येजितखत घेत नाहीत, कारण त्याला हरवीतच नाहीत. एकट्याच्या ‘नाही’ने साऱ्या गावाला थांबावे लागते, आणि गाव थांबते.

मेंढा एका जमातीचे गाव आहे, हे खरे. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या बाजूच्या महादेव कोळ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्यांना १९९६ च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या, कायद्याने अशीच ग्रामसभा मिळाली आहे, आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी एखाद्या पाड्यालाही स्वतःचा गाव म्हणून दर्जा मागता येतो. हिरड्यासारख्या वनोपजाचा हिशेब त्या सभेने मागावयाचा आहे. घोड नदीच्या खोऱ्यात खाली उतरल्यावर मात्र कळंब-मंचरच्या बागाईत गावांत अनेक जाती, अनेक धंदे, हमरस्त्यावरची पेठ आणि बाहेरून आलेले मजूर एकत्र नांदतात, आणि तेथे मेंढ्याची रीत जशीच्या तशी चालेल असे मी म्हणणार नाही. परंतु ग्रामसभेत ठराव मंजूर करण्यापूर्वी, ज्याने हात वर केला नाही त्याला उभे करून त्याचे म्हणणे पुरते ऐकावे, ते विरोधासह इतिवृत्तात जसेच्या तसे लिहावे, आणि त्याचे नाव ओट्यावरच्या पहिल्या रांगेतील असो की वस्तीच्या शेवटच्या घरातील, त्याच्या सहीला सरपंचाच्या सहीइतकीच जागा द्यावी, यास कोणत्याही कायद्याची हरकत नाही.